तोंडात जाणाऱ्या वस्तू

निवारा वृद्धाश्रम, मूल गावाच्या पुढे
१० नोव्हेंबर

आदरणीय सिस्टरबाई,
सविनय जयभीम.

तुमच्या बटणाच्या फोनवर काल मी तीनदा घसा फाडला. "कोण? गॅसवाला का?" एवढं विचारून तुम्ही फोन ठेवून दिलात. म्हणून आता पत्र. तुमच्या शेजारचा खुशाल आठवड्यातून दोनदा भद्रावतीहून मूलच्या राइस मिलवर गाडी आणतो. गाडी भरेपर्यंत त्याला वेळच वेळ असतो, त्याच्याच हाती देते आहे.

तालुक्याहून चार पानी कागद आला आहे. नवा फ्लू देशात शिरला आहे, म्हाताऱ्यांना फार जड जातो, तरी वृद्धाश्रमांनी आजपासून तयारी ठेवावी. आजाऱ्यासाठी वेगळी खोली, पंधरा दिवसांचा किराणा, आतच मुक्काम करतील अशी माणसं, नातेवाइकांचे नंबर. सही घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "म्याडम, अजून तर इकडे काहीच नाई." मागच्या वेळीही कोणीतरी असंच म्हणालं होतं.

कोरोना आला तेव्हा आपल्याकडे सव्वीस जण होते. सरला तेव्हा सतरा. तेव्हा सगळं तुमच्या हाती होतं. तुम्ही सांगायचात, मी पळायची. आता तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भद्रावतीला गेलात त्या तिकडच्याच झालात, आणि माझ्या गळ्यात बावीस जीव आहेत. त्यात तुमचे गार्डसाहेबही आले. सिस्टरबाई, मला फार भीती वाटते. कुठून सुरुवात करू ते सांगा.

गार्डसाहेबांची तब्येत बरी आहे. काल मला जंगलखात्यातली समजून म्हणाले, "बाई, तुमी कोन्या रेंजच्या?" मी म्हटलं, मूल रेंज. सलाम ठोकून गेले.

तुमची
रिना


भद्रावती
१२ नोव्हेंबर

रिना,
जय सेवा.

भिऊ नकोस असं मी लिहिणार नाही. भी. मागच्या वेळी आपण भ्यायला उशीर केला, म्हणून नऊ जण गेले.

आता नीट वाच, आणि शहाणपणा न करता तसंच कर. फाटक बंद म्हणजे बंद. मुलगा नाही, सून नाही, जावई नाही. मीसुद्धा नाही. महिन्यातून दोनदा यांना बघायला येते ते आजपासून थांबलं. अन्नपूर्णाबाईसाठी फाटक उघडलं की उद्या सगळ्यांसाठी उघडावं लागेल. जे काम करतील त्यांनी आतच राहायचं. ज्यांना जमत नाही त्यांना आत्ताच प्रेमाने घरी पाठव, मागाहून भांडण नको.

दुसरं. साथ नाका-तोंडातून शिरते. शिंकणाऱ्यापासून लांब राहता येतं, पण तोंडाचं काय? तोंडात काय काय जातं त्याची यादी कर. नुसता भात आणि वरण लिहून मोकळी होऊ नकोस. पाण्याचा पेला, चहाची बशी, गोळ्या, थर्मामीटर, दात घासायची काडी, कवळी, सगळं लिही. एकाचं दुसऱ्याच्या तोंडी जाता कामा नये. ही यादी स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर लाव.

खुशालला थांबायला सांगितलं आहे. तू उत्तर लिहीपर्यंत तो फाटकाबाहेर झाडाखाली बसेल, त्याला आत घेऊ नकोस.

गार्डसाहेबांना सांग, बायको गावाला गेली आहे. कुठल्या गावाला ते विचारतील. काहीही सांग, लक्षात राहायचं नाही.

अन्नपूर्णा


निवारा
१९ नोव्हेंबर

सिस्टरबाई,
जयभीम.

यादी झाली. एकतीस वस्तू निघाल्या. तिसाव्या क्रमांकावर फुगा आहे, तो फुफ्फुसाच्या व्यायामाचा, आणि एकतिसाव्यावर अंजनाबाईंची बासरी. आपल्या सोमाजीभाऊंच्या बायकोला बासरी येते हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं! पेटीच्या तळाशी निघाली. नवरा-बायको दोघंही वाजवतात म्हणे. मी म्हटलं, आता एकीनेच वाजवायची. सोमाजीभाऊ म्हणाले, "मंग म्या का करू, टाळ्या?"

पेल्यांना रंगीत दोरे बांधले. कवळ्या धुताना एकदा अदलाबदल झाली आणि दोन म्हातारे दिवसभर एकमेकांच्या दातांनी जेवले. तेव्हापासून डब्यांवर नावं आहेत. कोपऱ्यातली खोली रिकामी करून फिनाइलने धुतली. पाचजण आत राहतो आहोत. दोघी आया, मी, स्वयंपाकाची करिश्मा आणि फाटकावर बिरजू.

करिश्माचं सांगायचं राहिलं. तिच्या गावाने शीव बांधली. भूमका पुजाऱ्याने पूजा केली, वाटेवर आडवं लाकूड टाकलं. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. तिला निरोप आला की संध्याकाळच्या आत ये, नाहीतर साथ जाईपर्यंत तिकडेच राहा. सहा वर्षांची पोर आजीजवळ आहे. दुपारभर ती चुलीपुढे बसून होती. मी तिला थांब म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. ती गेली असती तर बावीस जणांचं कोण रांधणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भीतीने माणूस लबाड होतो. ती थांबली. संध्याकाळी भात उतरवताना रडली आणि म्हणाली, "धूर आहे जी."

गार्डसाहेबांचं लिहू की नको असं झालं आहे. पण लपवून काय करू? पाच वाजले की ते फाटकाशी जातात, गज धरतात आणि रडतात. "आमची बाई बाहेर उभी आहे. तिले आत घ्या ना." काल जेवले नाहीत. आज सकाळी अर्धी भाकर.

रिना


भद्रावती
२२ नोव्हेंबर

रिना,
जय सेवा.

माझ्या माहेरीही शीव बांधायचे. नर्सिंग शिकून पहिल्यांदा गावी गेले तेव्हा मी भूमकाला भर पंचांत विचारलं होतं, "आजार काय लाकडाले अडते का?" फार शिकल्याचा माज होता. आता तुझा चार पानी कागद तेच लाकूड आडवं टाकायला सांगतो आहे. करिश्माला सांग, तिचं गाव तुझ्या आश्रमापेक्षा आधी शहाणं झालं. पोरीची काळजी करू नको म्हणावं, ती चांगल्या कुंपणात आहे.

यांचं वाचलं. दोनदा वाचलं. मग भांडी घासली, कपडे धुतले, आणि पुन्हा वाचलं.

चौतीस वर्षं हा माणूस जंगलात एकटा फिरला. अस्वल समोर आलं तरी आरडाओरडा केला नाही. त्याने गज धरून रडावं हे मला सोसत नाही. मी बिरजूला निरोप पाठवला आहे, संध्याकाळी यांच्याजवळ बसत जा म्हणून. बाकी तू मध्ये पडू नकोस. होतील शांत.

यादी छान केलीस. बासरी मलाही सुचली नसती.

अन्नपूर्णा


निवारा
२६ नोव्हेंबर

सिस्टरबाई,
जयभीम.

तुमच्या निरोपात काय जादू होती? गार्डसाहेब चार दिवसांत एकदाही रडले नाहीत. पाचला फाटकाजवळच्या ओट्यावर जाऊन बसतात. एका बाजूला बिरजू, दुसरीकडे सोमाजीभाऊ. सोमाजीभाऊंनी उभी हयात नागभीडच्या स्टेशनवर हमाली केली, ते गाड्यांच्या गोष्टी सांगतात, गार्डसाहेब वाघाच्या सांगतात. कोणाची गोष्ट कोण ऐकतं देव जाणे, पण तासभर छान जातो. जेवतातही पोटभर. काल तुमचं नाव घेतलं, पूर्ण नाव, गावासकट.

तिघं अगदी खेटून बसतात म्हणून मी एकदा हटकलं. मग म्हटलं, तिघंही आतलेच आहेत, बसू दे.

बाहेरच्या बातम्या वाईट आहेत. नवा फ्लू रायपूरपर्यंत आला म्हणतात. मी रोज सकाळी खाटांमधून फिरते आणि प्रत्येकाची छाती वर-खाली होताना बघते. बावीस मोजून झाल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

रिना


भद्रावती
२९ नोव्हेंबर

रिना,
जय सेवा.

माझं नाव घेतलं? गावासकट? तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. सत्तरीला टेकलेली बाई मी, कोणाला सांगू नकोस.

आज एवढंच. खुशाल घाईत आहे. सारखा शिंकतो, गिरणीचा कोंडा नाकात जातो म्हणतो. त्याला मास्क दिला आहे.

अन्नपूर्णा


निवारा
३ डिसेंबर, दुपार

सिस्टरबाई,

खुशाल आला नाही, म्हणून या कागदाचा फोटो त्याच्या बायकोच्या मोबाइलवर पाठवते आहे. ती तुम्हाला दाखवेल.

परवा बिरजूला ताप भरला. त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. आज सकाळी गार्डसाहेब आणि सोमाजीभाऊ दोघंही तापले. गार्डसाहेब एकशे एक, सोमाजीभाऊ एकशे तीन. सोमाजीभाऊंचा श्वास मला बरा वाटत नाही. दवाखान्यातून डॉक्टर येऊन गेले, पांढरा पोशाख घालून, नखशिखांत झाकलेले. ते दिसले आणि करिश्माच्या हातातून पातेलं पडलं. नाकातले नमुने नागपूरला पाठवले. फ्लूच्या गोळ्या सुरू केल्या.

बाई, कोणी आत आलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही. किराणा चुन्याच्या पट्टीपलीकडे उतरवतो, दोन दिवस उन्हात ठेवतो. एकतीसच्या एकतीस वस्तू रोज तपासते. मग हा शिरला कुठून? मला भिंतींचीसुद्धा भीती वाटायला लागली आहे. काय राहिलं माझं? सांगा ना, काय राहिलं?

रिना


भद्रावती
४ डिसेंबर

रिना,

हा कागदही फोटोतूनच येईल. खुशालची बायको दारात उभी आहे, लवकर लिहिते.

तिघांना त्या एकाच खोलीत ठेव, बाकी कोणाला तिकडे फिरकू देऊ नकोस. एकीनेच त्यांचं करायचं. पाणी पाजत राहा. निजवू नकोस, उशा लावून बसतं कर. बोटाला लावायचं यंत्र दर दोन तासांनी लाव. नव्वदच्या खाली कोणी गेलं की गाडी बोलाव, विचार करत बसू नकोस.

करिश्मा लपून घरी गेली होती का? पोरीसाठी आईचं मन धावतं. नीट विचार. रागावू नकोस, पण खरं काढ.

खुशाललाही ताप आहे. पाच दिवस झाले म्हणते ही. पण तो तर फाटकाच्या बाहेरच बसतो ना? झाडाखाली? तू स्वतः बघितलंस ना?

यांचा ताप किती? रोज कळव.

अन्नपूर्णा


निवारा
९ डिसेंबर

सिस्टरबाई,

हे पत्र मोबाइलवर पाठवत नाही. खुशालच्या बायकोने वाचू नये असं यात आहे. दूधवाल्याच्या हाती मूलच्या स्टँडवर देते, तिथून एसटीने येईल.

आधी गार्डसाहेब. त्यांचा ताप उतरला. काल पेज प्यायले.

सोमाजीभाऊ गेले. चार तारखेला संध्याकाळी त्यांना दवाखान्यात हलवलं, सातला सकाळी फोन आला. अंजनाबाईंना सोबत जाता आलं नाही. गाडीत चढवताना त्यांनी पायरीवरून हाक मारली, "अवो, लवकर येजा." सोमाजीभाऊंनी हात वर केला. एवढंच झालं त्या दोघांचं बोलणं.

करिश्मा कुठेही गेली नव्हती. तुम्ही लिहिलंत म्हणून मी तिला विचारलं आणि विचारल्याची मला आयुष्यभर लाज वाटेल. ती वळून भाकरी थापायला लागली.

मग मी बिरजूकडे गेले. त्याचा ताप उतरला होता. दारात उभी राहून म्हटलं, बिरजू, माणूस गेला आहे, आता काही लपवू नको. तो रडायलाच लागला.

"म्याडम, म्या कोनाले आत नाई घेतलं. आईची आन. फक्त खर्रा घेत होतो."

"कसला खर्रा?"

"सिस्टरबाई पाठवत होत्या ना, चिठ्ठीच्या पिशवीत. साहेबांसाठी. खुशाल द्याचा. तो एक बोट घ्याचा, म्या एक बोट घ्याचो, मंग पन्नी साहेबांजवळ. साहेब एकटे खातच नाई, सोमाजीभाऊले देल्याशिवाय."

मी ओरडले. आश्रमात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला दोन वर्षांपासून बंदी आहे हे माहीत नव्हतं का? तोंडातलं बोट पुन्हा त्याच प्लास्टिकच्या पन्नीत घालत होतात, आणि एकाचं दुसऱ्याच्या तोंडी नको म्हणून मी रोज घसा कोरडा करत होते ना? त्याने माझ्याकडे अगदी निरागसपणे बघितलं. "पन खर्रा का खानं आहे का, म्याडम? तुमी यादी लावली तं म्या रोज वाचत होतो. एकतीस वस्तू. त्यात खर्रा नव्हता."

मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. नव्हता.

फुगा लिहिला, बासरी लिहिली. तुम्ही सुचवलं, मी लिहिलं, पाच जणांनी वाचलं, आणि या मुलखात ज्याच्या-त्याच्या गालात असतो तो खर्रा कोणालाच आठवला नाही. तुमचं पत्र यायचं त्या दिवशी मी आत बसून नियमांचं उत्तर लिहीत असायची, आणि तेवढ्या वेळात फाटकाच्या गजांतून ती पन्नी आत यायची. आपल्याच पत्रांसोबत साथ आत आली, बाई.

मला तुमचा राग येतो. लिहितानाही येतो आहे. पण आणखी एक लिहायचं आहे, नाहीतर झोप लागायची नाही. अठ्ठावीस तारखेला गार्डसाहेबांचं तोंड पुसताना मला तंबाखूचा वास आला होता. मी काही बोलले नाही. ते रडत नव्हते, जेवत होते. मला वाटलं, असू दे.

अंजनाबाईंना अजून यातलं काही माहीत नाही. नव्या फ्लूनेच नेलं असं त्या धरून आहेत. नागपूरचा रिपोर्ट यायचा आहे. मी त्यांना काय सांगू?

रिना


भद्रावती
११ डिसेंबर

रिना,

तुझं पत्र काल मिळालं. उत्तर लिहायला एक दिवस लागला.

खर्रा मीच घोटत होते. सुपारी बारीक कातरून, चुना कमी घालून, त्यांच्या दातांना सोसेल असा. बंदी माझीच. दोन वर्षांपूर्वी ओट्यावर उभी राहून मीच सगळ्यांच्या पुड्या चुलीत टाकल्या होत्या. पण तू लिहिलंस की गज धरून रडतात, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. माझा चेहरा ते विसरले, घराचा रस्ता विसरले. माझ्या हातचा खर्रा तेवढा जिभेला ओळखू येईल असं वाटलं. नाव घेतलं, गावासकट, असं तू लिहिलंस तेव्हा मला कळलं होतं की कशाने. मी खूश झाले होते.

खुशालचं शिंकणंही मला दिसत होतं. मी त्याला मास्क दिला आणि त्याच हातावर पुडी ठेवली. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात थर्मामीटर घातला आणि घालण्याआधी प्रत्येकाला म्हटलं, "जा, थुंकून ये." तरी मला यादीत खर्रा आठवला नाही. उपासालासुद्धा चालतो आपल्याकडे, पोटात जात नाही म्हणून. मी सिस्टर असून त्याच हिशेबाने चालले.

करिश्माची माफी मागते. तिच्यावर बोट ठेवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खुशालच होता. खुशाल झाडाखालीच बसतो ना, असं तुला विचारलं, ते विचारणं नव्हतं. तू हो म्हणावंस म्हणून लिहिलं होतं.

तुझ्या नाकाला वास आला आणि तू गप्प राहिलीस, ते तुझं आहे. ते मी माझ्यावर घेणार नाही आणि तुला माफही करणार नाही. तू मला करू नकोस.

अंजनाबाईला सांग. हे पत्र तिला वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस, मऊ करू नकोस. अंजनाबाई, तुमचा माणूस माझ्या हातच्या खर्ऱ्याने गेला. मी ते लपवून पाठवत होते. माझा माणूस उठून पेज प्यायला. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

आणि रिना, खरी साथ अजून पुढे आहे, नाहीतर ही तीच असेल, तर तिचा हा पहिलाच दिवस आहे. तू एकटी पडशील. माझे गुडघे चालतात, कान नाहीत, पण सुई आणि सलाइन लावायला कान लागत नाहीत. मला आत यायचं आहे. आले की साथ संपेपर्यंत बाहेर पडणार नाही. पण अंजनाबाई नको म्हणाली, तर मी येणार नाही. मला तिच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. साथीचीही वाटते, खोटं कशाला लिहू.

अन्नपूर्णा


निवारा
१६ डिसेंबर

सिस्टरबाई,
जयभीम.

रिपोर्ट आला. तो नवा फ्लू नव्हता.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "अभिनंदन, साधा आहे, दर वर्षीचा." आया टाळ्या पिटायला लागल्या. करिश्माने चुलीला हात जोडले. मी तिथेच खाली बसले. बाई, साध्याने सोमाजीभाऊंना नेलं. दर वर्षीच्या फ्लूची लस असते हे आपण दोघी जाणत होतो, आणि नव्याच्या भीतीत ती मागवायचीच राहिली. आपली सगळी तयारी, दोरे, चुना, एकतीस वस्तू, ही साध्यापुढे तीन दिवस टिकली नाही. मग तो येईल तेव्हा काय होईल?

आणि तो येतो आहे. काल नागपुरात पहिला रोगी सापडला. तालुक्याहून फोन आला, वीस तारखेपासून फाटक सरकारी हुकमाने बंद, ते कधी उघडेल सांगता येत नाही. लस मी मागवली आहे, उद्या सगळ्यांना टोचतील. बिरजू स्वतः येऊन आपल्या खिशातली पन्नी चुलीत टाकून गेला.

गार्डसाहेब हिंडतात-फिरतात. पाच वाजता ओट्यावर जाऊन बसतात आणि विचारतात, "माहा जोडीदार कुठी गेला?" रजेवर आहे असं मी सांगते.

तुमचं पत्र मी अंजनाबाईंना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग दोन दिवस त्यांनी जेवण खोलीतच मागवून घेतलं. आज सकाळी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "कागद घे. म्या सांगतो तसंच लिही. शुद्ध करू नको." तसंच लिहिते आहे.

"अन्नपूर्णाबाई, तुमची चिठ्ठी आयकली. सोमाजी मले म्हणे, गार्डसायब सुपारी देते. खोटं बोलला माह्याशी. पन्नास वर्षांत पैल्यांदा खोटं बोलला अन् त्यातच गेला. त्याचाही मले राग आहे. कोनावर काढू? तो तं नाई.

तुमी माफी मागून राह्यल्या. माफी मी देऊन राह्यली नाई. पुढं होईन का नाई मले मालूम नाई. तुमचा नवरा रोज माह्या दारावरून जाते अन् मी तोंड फिरवतो. त्याले तं काहीच समजत नाई, पन मले समजते ना.

पन आता मोठा ताप येऊन राह्यला म्हनते. इथी एकवीस म्हातारे आहेत अन् सुई टोचनारं कोनी नाई. रिना एकटी आहे. भांडीघरात जाऊन रडते, तिले वाटते कोनाले आयकू येत नाई. मले मराची भीती लागते, बाई. सोमाजी होता तं कमी लागे.

तुमी या. वीस तारखेच्या आत या. दुसरी खोली खाली नाई. माह्या खोलीत सोमाजीची खाट आहे, तिच्यावर झोपा. गादी म्या उन्हात टाकली आहे."